उजव्या बाहीचा खिसा

माझी डिग्री मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात जिन्यापाशी फ्रेम करून लावलेली आहे. फ्रेम वडिलांनी इचलकरंजीत करून घेतली होती. ते यंत्रमागावर कामाला होते, आणि आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. नवरा म्हणाला होता, "अगं, इथे फक्त डेंटिस्ट भिंतीवर डिग्री लावतात." मी म्हटलं, "मग मला डेंटिस्ट समज." टेक्स्टाइलची डिग्री आहे, फर्स्ट क्लास आहे, आणि ती मी मिरवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या मिरवण्यापायीच झालं.

दोन हजारनंतरच्या त्या दशकात मी पाच वर्षं एका छोट्या कंपनीत नोकरी केली. स्की आणि स्नोबोर्ड खेळणाऱ्यांसाठी जॅकेट आणि पँट बनवणारी कंपनी. छोटी म्हणजे किती, तर राउंडअबाउटपलीकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं एक युनिट आणि आत आम्ही तिघी. मालकीण तरुणपणी आल्प्समध्ये हिवाळाभर स्वयंपाकीण म्हणून राबायची आणि सुट्टी मिळाली की बर्फावर जायची. तिथे चांगली पँट मिळेना म्हणून स्वतःच शिवायला लागली, त्यातून कंपनी झाली. दुसरी मासी. नैरोबीत वाढलेली गुजराती बाई, लूटनहून बसने यायची, आणि शिलाईत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती गुजराती मिसळून हिंदी बोलायची, मी मराठी मिसळून. इथे मी सगळं मराठीतच लिहिते. तिसरी मी. नवे कपडे परदेशातल्या कारखान्यात शिवून यायचे. आमच्याकडे व्हायची ती डिझाइनं, नमुने, आणि दुरुस्ती.

दुरुस्ती हीच आमची खरी शान. प्रत्येक जॅकेटच्या आतल्या खिशाखाली एक लेबल होतं: फाटलं तर परत पाठवा. किती वर्षांत, ते लिहिलेलं नव्हतं. मी मालकिणीला एकदा विचारलं, तर म्हणाली, "आपण आहोत तोवर. दुसरं काय लिहिणार?"

पहिल्याच वर्षी मी एक घोळ केला. लिफ्टने डोंगरावर जायचं तर पास लागतो, आणि लिफ्टच्या दाराशी तो पास खिशातूनच वाचणारं यंत्र डाव्या अंगाला असतं. म्हणून पासचा छोटा खिसा डाव्या बाहीवर. मला मालकिणीने तसंच सांगितलं होतं. पण माझी आई ब्लाउज शिवायची. ती माप घ्यायला गिऱ्हाइकाच्या समोर उभी राहायची, आणि तिच्या डाव्या हाताला जी बाही येईल ती आमच्या घरात डावी. मी कागदावर जॅकेट समोरून काढलं, माझ्या डाव्या हाताला येणाऱ्या बाहीवर खिसा काढला, बाण काढून 'डावी' असं लिहिलंसुद्धा. घालणाऱ्याची ती उजवी, हे डोक्यात आलंच नाही. कारखान्याने शब्दापेक्षा चित्रावर विश्वास ठेवला. त्या हिवाळ्यातली सगळी हिरवी जॅकेटं उजव्या बाहीवर खिसा घेऊन आली.

मी रडले. मालकीण म्हणाली, "सही माझीपण आहे त्या कागदावर. विकू या. कुणी तक्रार केली तर खिसा हलवून देऊ." थोड्या लोकांनी केली. बाकीची जॅकेटं जगात कुठेतरी माझी चूक दंडावर मिरवत फिरत राहिली. मासी कधीमधी टोमणा मारायची, "डिग्रीवाली, तुझा जेवणाचा हात कुठला ते दाखव बघू." मी हसायचे, पण ते आत लागायचं.

मग बँका कोसळल्या तो हिवाळा आला. आमचे कपडे ठेवणारी दुकानं एकेक करून बंद झाली, सुपरमार्केटमध्ये भाजीच्या शेजारी स्कीची जॅकेटं लटकू लागली. जानेवारीत एका सकाळी मालकिणीने केटल लावली आणि कपात पाणी ओतता ओतता सांगितलं, "मार्चअखेर किल्ली परत द्यायची. मी बंद करतेय."

धंदा सुरू करताना नारळ फोडतात. बंद करताना काय करतात, ते मला माहीत नव्हतं. इचलकरंजीत मी कारखाने बंद होताना पाहिले होते. एके सकाळी गेटला कुलूप असायचं, बस्स. मालकिणीने काय केलं, तर जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं आणि ईमेल पाठवले. आम्ही बंद करतोय, जे फाटलं असेल ते मार्चच्या मध्यापर्यंत पाठवा, दुरुस्त करूनच आम्ही जाऊ.

मला वाटलं, येतील दहावीस पार्सलं. पोस्टमनने तिसऱ्याच दिवशी व्हॅन मागच्या दाराला लावली आणि गोणी ओढत म्हणाला, "तुम्ही बंद करताय ना? नक्की?"

त्या गठ्ठ्यांनी मला जे दाखवलं ते पाच वर्षांत दिसलं नव्हतं. मी कधी बर्फावर पाय ठेवला नव्हता. गावातल्या बंदिस्त, कृत्रिम बर्फाच्या स्की-स्लोपच्या कॅफेत काचेमागे बसून चहा प्यायला होता, तेवढाच आपला संबंध. आणि इथे खिशांतून देवदाराच्या सुया निघत होत्या, गारगोट्या, वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट, कुणाच्या तरी बाळाचा एकच हातमोजा. एक जॅकेट मनगटापासून मानेपर्यंत सरळ कापलेलं होतं. खांदा मोडला तेव्हा डोंगरावरच्या मदतवाल्यांनी कात्री चालवली होती, आणि जॅकेटच्या मालकाने लिहिलं होतं, खांदा जुळला, आता हेही जुळवा. मासीने ते दोन्ही हातांनी उचललं आणि कापलेल्या कडा एकमेकींशी जुळवून पाहिल्या. मग म्हणाली, "आपण कपडे शिवत होतो असं वाटलं होतं मला."

कामाची रीत ठरलेली होती. पार्सल उघडायचं, आधी पत्र वाचायचं, ते जॅकेटला टाचायचं, आलेल्या क्रमाने दांडीवर लटकवायचं. पत्र वाचल्याशिवाय कात्री उचलायची नाही. चार वाजता चहाला मालकीण त्या दिवशीची पत्रं मोठ्याने वाचायची.

मी ती रीत मोडली. हिरवं जॅकेट दिसलं की माझं लक्ष दुसरीकडे लागेना. मला एकच ध्यास होता, दार बंद व्हायच्या आत माझी चूक जगातून पुसायची. नंतर कोण पुसणार? फर्स्ट क्लासवालीने डावं-उजवं चुकवलं, हे आल्प्सच्या डोंगरावर कायमचं राहणार का? मी हिरवी जॅकेटं हळूच दांडीच्या पुढे आणायची. त्यांचं आणखी काय फाटलंय ते मागून बघू म्हणायची, आणि आधी खिसा उसवायची. सोपं काम नव्हे ते. उजवी बाही बुजवायची, डावी कापायची, चेन लावायची, आणि मग पाणी शिरू नये म्हणून शिवणीवर आतून टेप चिकटवायची. टेप चिकटवायचं गरम हवेचं मशीन एकच होतं आमच्याकडे. ते विकलं गेलं होतं आणि एका गुरुवारी दुपारी न्यायला येणार होते.

मासीच्या नजरेतून सुटलं नाही. "फाटलेली आधी, तुझी इभ्रत नंतर," ती म्हणाली.

"करतेय ना सगळंच."

"करतेयस. पण तू काय करतेयस ते बघ."

मी ऐकलं नाही.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला, माझ्या टेबलावर शेवटचं हिरवं जॅकेट होतं. खिसा डावीकडे गेला होता, टेप बसली होती, मी शिवणीवरून बोट फिरवत होते आणि मनात म्हणत होते, झालं, सुटले. मालकिणीने येऊन त्याला टाचलेलं पत्र काढून घेतलं, उभ्याउभ्या त्यावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "हे ऐका गं दोघी. सगळ्यांत चांगलं पत्र आहे हे."

एडिनबराहून एका बाईंनी लिहिलं होतं. मानेजवळची चेन अडकते, तेवढी बघा. बाहीवरच्या खिशाला मात्र कृपा करून हात लावू नका. माझा उजवा हात अपघातात गेला. म्हणजे आहे, पण हलत नाही. सगळ्या जॅकेटांचा पासचा खिसा डाव्या बाहीवर असतो, आणि तो उघडायला उजवा हात लागतो. दर वेळी पास आत ठेवायला लिफ्टपाशी अनोळखी माणसाला विनवावं लागायचं. तुमचं जॅकेट घेतल्यापासून कुणाला काही सांगावं लागलेलं नाही. दाराशी एक गिरकी घ्यावी लागते, ती मी आनंदाने घेते. ज्या कुणाला आमच्यासारख्यांची आठवण झाली, त्यांना माझे आभार कळवा.

मालकीण वाचून थांबली. तिचे डोळे भरले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग जॅकेटच्या दोन्ही बाह्यांकडे.

"पत्र वाचलं नव्हतंस?" तिने विचारलं.

"नाही."

"का?"

"हिरवं होतं," मी म्हटलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. "मशीन उद्या दुपारी जाणार," एवढंच म्हणाली आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. मासीने उसवायची सुरी माझ्या हातात ठेवली. "डिग्रीवाली," ती म्हणाली, या वेळी टोमणा नव्हता त्यात, "उसव."

मी माझाच ताजा टाका न् टाका उसवला. डाव्या बाहीला आता भोक राहिलं होतं आणि हिरवं कापड एक तुकडा शिल्लक नव्हतं. मासीने राखाडी ठिगळ कापलं. उजवीकडे खिसा परत बसवला. चेनला मालकिणीने स्वतः लांब दोरीचा फास बांधला, हातमोजा घातलेल्या डाव्या हाताला सहज ओढता यावा म्हणून. तिने तो स्वतःचा उजवा हात मांडीखाली दाबून तीनदा उघडून पाहिला. दुसऱ्या सकाळी त्या कापलेल्या खांद्याच्या जॅकेटची टेप लावून झाली, मग या बाहीची. मी माझी हिरवी पुढे ओढल्यामुळे ते बिचारं दांडीच्या अगदी टोकाला गेलं होतं; आम्ही तिघींनी जेवण सोडलं म्हणून वेळेत झालं. मशीन न्यायला माणसं आली, तेव्हा मासीने त्यांना दारात थांबवलं. पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि मशीनला बोट लावलं. आमच्याकडे खंडेनवमीला मागाला लावतात तसं. ती दोन धिप्पाड इंग्रज माणसं टोप्या काढून उभी राहिली. कशासाठी, ते त्यांना कळलं असेल असं नाही.

ते जॅकेट मी पोस्टाने पाठवलं नाही. मार्चच्या शेवटच्या शनिवारी ट्रेनने एडिनबराला घेऊन गेले. बाईंनी शहराबाहेरच्या टेकडीवर बोलावलं होतं. तिथे बर्फ नव्हताच. उतारभर खराट्यासारखी ताठ ब्रशची चटई अंथरलेली, तिच्यावर लोक स्की करतात. बाई माझ्या आईच्या वयाच्या, पांढऱ्या केसांच्या. उजवा हात पट्ट्याने अंगाशी बांधलेला.

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. खिसा तिथे कुणाला सुचला नव्हता, माझी चूक होती. डावीकडचं हे ठिगळ माझी दुसरी चूक. तुमचं पत्र मी वाचलं नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाटलं, आता चेहरा पडेल. बाईंनी ठिगळावरून अंगठा फिरवला. "आणि हे परत कुणी लावलं?"

"आम्ही तिघींनी. मशीन जायच्या आदल्या दिवशी."

"मग पत्र पोचलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "चेन चालते का बघू."

जॅकेट चढवायला मी हात पुढे केला तो त्यांनी मानेनेच नको म्हटला. आधी निकामी हात बाहीत, मग दातांनी कॉलर, मग डावा हात. पास घेतला, फास ओढला, खिसा उघडला, पास आत, खिसा बंद. मी एक श्वास घेईपर्यंत झालंसुद्धा. पाच वर्षं मी त्या खिशाला चूक म्हणत आले होते, आणि तो वापरताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मग त्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसून वर गेल्या. वरून एक हिरवा ठिपका निघाला. एकच काठी, एकच हात, आणि वळण घेताना सबंध अंग असं कलायचं की मला वाटे आता पडणार, आणि ते पडायचं नाही, पुन्हा दुसरीकडे वळायचं. चटईवर स्कीचा खरखर आवाज माझ्यापर्यंत यायला लागला. मी पर्स छातीशी घट्ट धरून उभी होते. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या, धापा टाकत हसल्या, आणि पुन्हा लिफ्टच्या रांगेत गेल्या.

मी तिथेच उभी राहून आणखी अकरा वेळा बघितलं.