कान तुटलेला कप

कप मी धुतला. कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आज त्याच्यावर राग तरी काढता आला असता.

नागपूरला कायद्याच्या कॉलेजात नुकताच शिकवायला लागलो होतो. विषय राज्यघटना. दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावात मालगुजाराने माझं भाषण ठेवलं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्याने गेली होती, रुबाब तसाच होता. भाषणाची दवंडी माझ्याच बापाने दिली. बाप गावचा कोतवाल. गळ्यात डफडं अडकवून घरोघरी फिरला आणि स्वतःच्या पोराच्या नावापुढे 'साहेब' लावत ओरडला.

मालगुजाराच्या ओसरीवर मला खुर्ची मिळाली. टोकाला, पण खुर्ची. बाप खाली अंगणात, जोड्यांजवळ. मी सतरावं कलम समजावून सांगितलं. अस्पृश्यता संपली, ती पाळणं गुन्हा आहे. छान बोललो. टाळ्या पडल्या.

मग चहा आला. सगळ्यांना पांढऱ्या कपबश्या. मला कान तुटलेला कप. तो वळचणीत खोचलेला असे, लहानपणी बापासोबत आलो की त्यातच चहा मिळे. मी प्यायलो. उठलो. गड्याने वरून पाणी ओतलं, मी कप विसळला आणि वळचणीत परत खोचला. मग येऊन त्याच खुर्चीवर बसलो.

मालगुजार खूश झाला. म्हणाला, "एवढा शिकला, पन रीत नाही इसरला."

मी म्हणालो, "जी."

घरी जाताना बाप शेताच्या धुऱ्यावर थांबला. "काऊन रे, तुले कोनं सांगतलं होतं धुवाले? माह्या वेळी पाठीत लाथ बसे. तुह्या वेळी कोन होतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी कलमं तोंडपाठ होती आणि कप मी विसळला होता. रात्री आईने भात वाढला, मी ताट सरकवलं.

सकाळी परत बोलावणं आलं. मालगुजाराला कोर्टाचा एक कागद वाचून हवा होता. वाचला. चहा आला. तोच कप. मी हात लावला नाही. चहावर साय धरली.

"काऊन, घेऊन नाही राहिला?"

"ह्या कपात नाही घेणार."

मालगुजाराने माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणात बाप गळ्यात डफडं घेऊन बसला होता, तिकडे पाहिलं. "बापाच्या कोतवालीचा तं इचार कर."

मीही तिकडे पाहिलं. खरं सांगतो, हात कपाकडे जायला लागला होता. तेवढ्यात बाप जोड्यांजवळून उठला. गळ्यातलं डफडं काढलं, ओसरीच्या पायरीवर ठेवलं आणि चालू लागला. मी मागून गेलो. म्हणजे नकारसुद्धा आधी त्याने पुरा केला, मी नाही.

कोतवाली गेली. बाप पुढे लोकांच्या धानात रोजीने राबला.

मी प्राध्यापक झालो, घटनेवर पुस्तकं लिहिली, विद्यापीठ चालवलं. सतरावं कलम शिकवायला घेतलं की आधी हा कप सांगतो. पोरं मालगुजाराला शिव्या देतात. मी त्यांना थांबवतो. म्हणतो, त्याचं सोडा, माझे हात बघा. हे हात न सांगता उठले होते.

लाज अजून गेलेली नाही. मी ती जाऊ देणार नाही. ती गेली तर हे हात पुन्हा उठतील, आणि आता डफडं खाली ठेवायला बाप नाही.