आयचं गाणं अर्ध्यात तोडलं

"चप्पल उतारो ना. नैचुरल लगेगा."

चॅनलची को-ऑर्डिनेटर बाई मला म्हणाली. तिच्या स्वतःच्या पायात नडगीपर्यंत बूट. वैशाखातलं ऊन, सकाळचे अकरा वाजलेले, अंगणातली माती पाय ठेवू देत नव्हती. मी चप्पल काढली. बोईसर स्टेशनबाहेरच्या बाजारातून त्या दिवसासाठीच मुद्दाम घेतलेली, सोनेरी पट्ट्याची. काढली आणि दाराआड सरकवली. का काढू, एवढंसुद्धा विचारलं नाही मी. आज स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

वाणगावपासून आत आमचा पाडा. आम्ही वारली. मी बारा वर्षं बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जाते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, समोरून पट्ट्यावर बाटल्या येतात, त्या खोक्यात भरायच्या. मास्कच्या आतून मी दिवसभर गायचे. हिंदी सिनेमातली गाणी. हिंदी मला शाळेनं नाही, लाइनवरच्या बायांनी शिकवली. त्यातलीच एक गुड्डी, बिहारची. तिनं जेवणाच्या सुट्टीत माझा व्हिडिओ काढला आणि हिंदी चॅनलवरच्या त्या गाण्याच्या स्पर्धेला पाठवून दिला. अख्खा देश बघतो तो कार्यक्रम. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय.

मुंबईला चाचणीसाठी गेले. जुनं सिनेमातलं गाणं गायलं. खोटं कशाला बोलू, चांगलं गायलं. समोरचा माणूस कागदावरून मान वर करून म्हणाला, "कहाँ से हो?"

"पालघर."

"उधर तो आदिवासी होते हैं ना?"

"मैं हूँ ना आदिवासी."

तो एकदम खुर्चीत पुढे सरकला. "अरे वाह. तो अपना वाला कुछ सुनाओ."

मी म्हटलं, "वो मेरी माँ गाती है. शादी में."

झालं. त्या दिवसापासून माझ्या गाण्याबद्दल मला कुणीही काही विचारलं नाही. सगळ्यांना आय पाहिजे होती.

माझी आय धवलेरी आहे. आमच्यात लग्न लावते ती धवलेरी. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मधोमध देवी पालघट, आणि धवलेरी त्या चौकासमोर बसून गाते. ती गाऊन देवांना बोलावते, बसवते, लग्न लावते, आणि गाऊनच त्यांना परत वाटेला लावते. आयचा नियम एकच. सुरू केलं की संपवायचं. मधे तहान लागो, पाऊस येवो, कुणी आजारी पडो, उठायचं नाही. देवाला बोलावून अर्ध्यात सोडायचं नसतं. आसपासच्या सात पाड्यांत आयच्या गळ्याशिवाय लग्न लागत नव्हतं. लोक तारीख ठरवायच्या आधी आयला विचारायला यायचे.

तर हे लोक शूटिंगला आमच्या घरी आले. घर पाहिलं आणि त्यांची तोंडं उतरली. स्लॅबचं घर, खाली लादी, वर पंखा. दहा वर्षं ओव्हरटाइम करून बांधलेलं. को-ऑर्डिनेटर म्हणाली, "ये नहीं चलेगा. असली वाला कहाँ है?"

असली वाला म्हणजे कुडाचा. तो शेजारी काकाकडे होता, त्यात त्याच्या बकऱ्या बांधलेल्या. बकऱ्या बाहेर काढल्या, आम्हा मायलेकींना आत बसवलं. लेंड्या झाडायलासुद्धा दिल्या नाहीत. ते आमचं घर झालं. मग माझ्यावर दिवा सोडला आणि विचारलं, "कभी भूखे सोए हो?"

मी म्हटलं, नाही.

"सोच के बोलो. बचपन में?"

नाही.

"देखो, लोगों को कनेक्ट होना चाहिए. एक बार तो सोए होगे."

चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. बोलता बोलता रडूही आलं. रडू खरं होतं, ते कशाचं होतं हे मात्र त्यांना कळलं नाही, आणि मीही तेव्हा कळू दिलं नाही. आय बाजूला बसलेली. तिला हिंदी येत नाही, त्यामुळे ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली.

मग आयला म्हणाले, गा. आय मला म्हणाली, "लगीन कोनाचा हाय?"

"कोनाचा नाय."

"मंग गाऊ कोनासाटी?"

काही केल्या गायली नाही. को-ऑर्डिनेटर चिडली. शेवटी म्हणाली, स्टेज पे करवा लेंगे, और नहीं करवाया तो तुम भी रहने दो. सरळ अर्थ, आय गायली नाही तर माझाही पत्ता कट.

पुढचे आठ दिवस मी आयच्या मागे लागले. कामावरून आले की तेच. आये, माज्यासाटी. आये, एकदाच. आयनं शेवटी हात टेकले. "गाईन. पन पुरा गाईन. मधी उटवायचा नाय मला. सांग त्यांना."

मी सांगितलं. को-ऑर्डिनेटर फोनमध्ये बघत म्हणाली, "हाँ हाँ, पूरा लेंगे."

आयनं तिच्याकडचं लहानात लहान गाणं निवडलं. देवाला बोलवायचं आणि परत पाठवायचं, एवढंच. दहा-बारा मिनिटांचं. लग्न नसताना गायची, माझ्यासाठी तिनं मनाला तेवढी मुरड घातली. बाईनं आयुष्यात कुणासाठी घातली नव्हती.

स्टुडिओत थंडी मरणाची. तिथंही चप्पल काढायला लावली, माझी आणि आयची. मागे थर्माकोलचा चौक उभा केला होता. मधोमध जिथं देवी असते तिथं चॅनलचं चिन्ह चिकटवलेलं. आयनं बघितलं आणि हळूच मला म्हणाली, "चौकात देव नाय." मी म्हटलं, "असू दे आये, गा."

असू दे म्हटलं मी.

आय खाली बसली. डोळे मिटले. गायला लागली. लग्नात गाते तसंच, घाई नाही, कुणाला दाखवायचं नाही. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ढोलवाल्यानं खालून ठेका धरला. आयची लय वेगळी, त्याची वेगळी. तो काही सोडेना. मग परीक्षकांतला एक उठला आणि नाचायला लागला, कमरेवर हात ठेवून, आमच्या बाया नाचतात असं त्याला वाटत होतं तसं. समोरचं पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. सूत्रसंचालक ओरडला, "क्या बात है, अम्मा ने तो आग लगा दी." टाळ्या. त्यांच्यापुरतं संपलं होतं.

आय गातच राहिली. डोळे मिटलेले होते, तिला काय ठाऊक.

मग वरून कुणीतरी तिचा माइक बंद केला. तोंड हलतंय, आवाज नाही. लोक हसले. मोठ्यानं हसले, लहान पोर पडल्यावर हसतात तसे. सूत्रसंचालकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा हलवलं. "बस अम्मा, बस. हो गया."

आय थांबली. जन्मात पहिल्यांदा. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मी हसत होते. आम्हाला सांगून ठेवलं होतं, कॅमेरा कुठूनही बघतो, सतत हसत राहा. माझी आय तशी बसलेली आणि माझे दात बाहेर. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आज सांगते.

नाचून आलेला परीक्षक घाम पुसत म्हणाला, "चलो बेटी, अब तुम." माझं गाणं सुरू करायला वाद्यं वाजली. तीन महिने बाटल्या भरताना घोटलेलं गाणं. माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"पहले माँ का पूरा होगा."

"अरे हो गया ना. बहुत बढ़िया था."

"नहीं हुआ. माइक चालू करो."

वाद्यं बंद पडली. वरून आवाज आला, कट. को-ऑर्डिनेटर धावत आली, मला दंडाला धरलं आणि कानाशी म्हणाली, "तुम जैसों को चांस दो तो यही होता है. बाहर लाइन लगी है."

मी माइक खाली ठेवला. आयला उठवलं. चपला शोधल्या, कुठं टाकल्या होत्या कुणास ठाऊक, कुणी सांगेना. आम्ही दोघी तशाच अनवाणी भर दुपारी फाटकाबाहेर रस्त्यावर आलो. डांबरावर आय एकच वाक्य बोलली. "देवांना तितंच टाकून आलो आपन."

रविवारी संध्याकाळी ते दाखवलं. अख्खा पाडा आमच्या लादीवर बसला होता. टीव्हीवर आधी बकऱ्यांचा कूड. मग मी रडतेय, भूखे सोए हैं. मग आयच्या दोन ओळी, ढोल, तो नाचणारा, शिट्ट्या. मी माइक मागितला ते कुठंच नाही. सूत्रसंचालक पडल्या चेहऱ्यानं म्हणाला, घर की मजबूरी के कारण इनको लौटना पड़ा. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आयनं गुड्डीला विचारलं, ती आली होती बघायला, की माझी पोर काय बोलली. गुड्डीनं तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं. आय मग माझ्याकडे वळली. "मी तुला उपाशी झोपवली? कवा?"

लोक एकेक करून उठून गेले.

आयच्या त्या दोन ओळी मोबाइलवर फिरल्या. त्याखाली ढोल लावून पोरंपोरी डोक्याला पानं बांधून नाचतात. कंपनीत सुपरवायझर मला बघितलं की त्या वाजवतो. त्याला वाटतं मला बरं वाटतं. पुढच्याच हंगामात पाड्यावर लग्न निघालं, आयला बोलवायला माणसं आली. आय उंबऱ्यावर बसूनच म्हणाली, "माजा गाना अर्धा ऱ्हायला हाय. अर्धा गाना घेऊन मी चौकासमोर बसनार नाय." त्यांनी हातापाया पडून पाहिलं. शेवटी बँजो पार्टी आणली. बँजोवाल्यानं आयच्याच त्या दोन ओळी वाजवल्या, आणि आमचीच माणसं नाचली. आय घरात तांदूळ निवडत बसली होती.

ती परत गायली नाही. दोन वर्षं झाली. आता सातही पाड्यांत बँजो येतो, कुणाचं काही अडत नाही. हेच जास्त लागतं मला. आय आता विसरायला लागली आहे, चुलीवर दूध ठेवलेलं विसरते, माझं नाव हाक मारताना अडखळते. गाण्यातलं काय काय गेलं असेल, ती सांगत नाही. मी म्हटलं, आये, मला शिकव. ती म्हणाली, "तू बोलवशील देवांना. पाटवशील काय?" आणि सूप उचलून आत गेली. ती बरोबर बोलली. बोलवायच्या दोन ओळी मला येतात, साऱ्या देशाला येतात. परत पाठवायचं फक्त तिला येतं.

गेल्या महिन्यात फोन आला. तोच कार्यक्रम, वेगळी बाई. "आदिवासी स्पेशल कर रहे हैं. माँ जी को ज़रूर लाना. बस वही दो लाइन."

मी म्हटलं, "दो लाइन नहीं है वो."

"तो थोड़ा ज़्यादा ले लेंगे."

"पूरा सुनना है तो पाड़े पे आना. चप्पल बाहर उतारना. नीचे बैठना. कैमरा नहीं. माँ गाएगी तब तक उठना नहीं. नहीं गाएगी तो वापस जाना."

तिनं फोन ठेवला.

मी लाइनवर गाणं बंद केलंय. सुट्टीच्या दिवशी आयसमोर सूप घेऊन बसते. ती तांदूळ निवडते, मी तांदूळ निवडते. ती शिकवेल असं मला वाटत नाही, आणि उशीर झालाय हेही दिसतं. तरी बसते. आलं तर शेवटापर्यंत शिकेन. नाही आलं तर आयबरोबर ते जाईल, जाऊ दे. पण त्यातली एक ओळसुद्धा तोडून मी आता कुणाला देणार नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून पायातली चप्पल काढणार नाही.