देवांसमोरची ओळ

पाळकबाबा एका शब्दासाठी जेवण थंड होऊ देत. मी दोनदा कालवण गरम करी, तिसऱ्यांदा रागावे. "थांब गं मंगल, इथं दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं अडून बसलीत," म्हणत.

बहरीनला, गुदैबियात त्यांच्या मुलाकडे, दादांकडे, मी स्वयंपाकाला आहे. बाबा नगरचे, निवृत्त पाळक. बायबलातली हिब्रू स्तोत्रं मराठीत आणत होते. मूळ त्यांना तोंडपाठ होतं. डोळे गेले तेव्हा वही माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली." तर म्हणाले, "म्हणूनच. शिकलेले लोक मला सुधारतात."

एका स्तोत्रात गाणारा म्हणतो, मी देवांसमोर तुझं गाणं गाईन. ज्यांनी ते जुन्या काळी ग्रीकमध्ये नेलं, त्यांनी तिथं 'देवदूत' केलं. "सगळीकडे नाही हं," बाबा सांगत. "कुठं कुठं देव तसेच ठेवले. इथं बिचकले. एकच देव मानणारी माणसं, त्यांना इतके देव कसे झेपणार?"

"माझ्या फळीवर पाच आहेत, बाबा. भांडत नाहीत."

ते खोकला येईपर्यंत हसले. "मग लिही, देव."

पुढं त्यांचा व्हिसा वाढला नाही. जायच्या आठवड्यात दादा ओट्यापाशी आले. "मंगलताई, छापणारी मंडळी ही ओळ बघूनच वही परत करतील. बाबांचा जन्म गेलाय यात. देवदूत करा. त्यांना सांगू नका, प्लीज."

माझा व्हिसा दादांच्या नावावर. पण बाबांचं पुस्तक व्हावं, असंही मनापासून वाटत होतं. कशामुळे ते पान फाडून नवं लिहिलं, अजून सांगता येत नाही.

निघताना बाबा म्हणाले, "ते स्तोत्र वाच." पानावर देवदूत होते. मी देव वाचले. "शाबास पोरी," म्हणाले. मी वही मिटली.

नगरहून दर शुक्रवारी ते फोन करत. एका शुक्रवारी म्हणाले, "पुस्तक आलं! भाची वाचतेय, तूही ऐक." ती ओळ आली. भाचीनं छापलेलं वाचलं, देवदूत. बाबांनी तिला थांबवलं.

"छापणाऱ्यांनी बदललं ना गं?"

मी "हो" म्हटलं.

"तरी मला वाटलंच," ते म्हणाले. "तू नाही करणार."

पुढच्या शुक्रवारच्या आतच ते गेले. दादा रडत होते, मी त्यांना पाणी दिलं. खरं सांगायला आता माणूसच उरलं नाही.