मोटेचं तेल लावलेली बॅग

बी.ए. झालो तेव्हा परभणीच्या वकीलसाहेबांनी मला त्यांची चामड्याची बॅग दिली. शाळेची सगळी वर्षं मी त्यांच्याच घरी राहून शिकलो होतो. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद भारतात सामील झालं, आणि ते आपल्या मुलांकडे हैदराबादला कायमचे निघाले होते. बॅग विलायती होती, आत सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. त्यांच्या हातात वापरून वापरून तिला खारकेचा रंग आला होता, मुठीपाशी तो जास्त गडद.

"बेटा, अब ये तुम्हारे हात में अच्छी दिखेगी," एवढंच ते म्हणाले.

जिंतूरच्या शाळेत नोकरी लागली. निघण्याआधी वालूरला घरी गेलो. वडिलांनी, म्हणजे आबांनी, बॅग निरखून पाहिली. मी नातेवाइकांना भेटायला गावात गेलो तेवढ्यात त्यांनी मोटेच्या तेलाचं गाडगं काढलं. करडई भाजून हे काळं, चिकट तेल काढतात. विहिरीवरची चामड्याची मोट त्यावरच टिकते. परत आलो तर बॅग काळी ठिक्कर, आणि आबांचे हात कोपरापर्यंत माखलेले.

"कातडं कोरडं पडायलं व्हतं," ते म्हणाले. "आता पाणी लागू दे का ऊन, काय व्हत न्हाई तिला."

तोवर माझ्या शिक्षणाच्या कुठल्याच वस्तूला त्यांनी हात लावला नव्हता. पुस्तक बाजूला सरकवायचं तरी आधी ते हात धुवून येत. या एका वस्तूतलं आपल्याला कळतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं.

"लय चांगलं केलं, आबा," मी म्हणालो. बॅग नासली हे त्यांना कधी कळू नये, एवढंच मला वाटत होतं.

शाळेत पहिल्याच दिवशी एका शिक्षकानं नाक दाबत विचारलं, "गुरुजी, मोट आणली, बैलं कुठं बांधली?" सगळे हसले, मीही हसलो. उन्हाळ्यात बॅगेतून तेल पाझरे, तपासलेल्या वह्यांच्या कडा पिवळ्या पडत. तरी मी रोज तीच नेई.

पुढे मला जुन्या बॅगांचा नाद लागला. राज्य बदलल्यावर निजामाचे कितीतरी अंमलदार गाव सोडून गेले, त्यांचं सामान बाजारात येई. त्यातून मिळेल तशी बॅग घेत गेलो. एक डॉक्टरची, एक मोजणी अंमलदाराची. चामडं कसं म्हातारं होतं ते या बॅगांनी मला दाखवलं. आधी मूठ काळवंडते, मग कोपरे उजळतात, शेवटी घडीवर बारीक भेगा येतात. माणूस कुठल्या खांद्याला अडकवून चालत होता, तेही पट्ट्यावर उमटलेलं असतं. आणि एकदा वकीलसाहेबांच्या बॅगेची जुळी बहीण शोभेल अशीच एक सापडली. तीच कंपनी, तोच खारकेचा रंग.

आबा जिंतूरला आले ते बाजाराच्या दिवशी. मी शाळेतून घरी पोचलो तर ते माझ्या बॅगांच्या फडताळासमोर उभे होते. धोतराला हात पुसून त्यांनी त्या जुळ्या बॅगेवरून बोट फिरवलं. मग माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं.

"ही बी अशीच व्हती का रं?"

खोटं बोलणार होतो. पण मान होकारार्थी हलली.

ते खाली बसले. "म्या नासवली म्हण की. आन् तू बोलला बी न्हाईस."

"चांगली चाललीय की, आबा. रोज हीच नेतो."

"वास मारायलाय तिचा. मास्तरं हसत असतील तुला."

"हसायचे. आता न्हाई हसत."

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली. मग म्हणाले, "एखादं फडकं दे." मी जुन्या धोतराचा तुकडा दिला. बॅग मांडीवर घेऊन ते पुसू लागले. फडकं लगेच काळं झालं.

"कितीबी पुसलं तरी येतच ऱ्हातं ते," मी म्हणालो.

"येऊ दे," ते म्हणाले, आणि फडक्याची कोरी बाजू वर घेतली.