चोरीला गेलेल्या फळ्या

ती फिर्याद अजूनही माझ्या डोक्यातून गेलेली नाही, कारण चोरीला गेलेला माल चोराच्या काहीच उपयोगाचा नव्हता.

निजामी अमलात मी बीड जिल्ह्यातल्या सिंदफणेकाठच्या एका बाजारगावी अमीन होतो. अमीन म्हणजे ठाण्याचा प्रमुख. हाताखाली एक जमादार, काही जवान, एक कोठडी आणि उर्दूत लिहायचा रोजनामचा. गावात चोरी व्हायची ती कापसाची, बैलांची, क्वचित दागिन्यांची. त्या वर्षी पितृपंधरवड्यात पेठेतले छोटे दुकानदार एकत्र ठाण्यावर आले. रात्रीतून आपापल्या दुकानांच्या काही फळ्या चोरीला गेल्या, अशी त्यांची फिर्याद होती.

त्या दुकानांना दारे नसत. उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खोबण असे. तिच्यात सागाच्या उभ्या फळ्या एकामागून एक सरकवल्या की दुकान बंद. प्रत्येक फळी आपापल्या खोबणीच्या मापाने तासलेली, त्यामुळे ती शेजाऱ्याच्या दुकानालाही बसत नसे. अशी फळी नेऊन चोर करणार काय? शिवाय आतल्या मालाला कोणी हात लावला नव्हता. जमादाराने पंचनामा केला. फिर्यादींनी पुन्हा चोरी होईल या भीतीने गेलेल्या फळ्यांच्या जागी मातीच्या भिंती घातल्या आहेत, अशी नोंदही केली.

खबर पेठेतल्या पानवाल्याने आणली. बालाघाटाच्या डोंगरातून मोळ्या आणून विकणारा एक माणूस होता. त्याने परवाच्या मोळीत सागाचे तुकडे विकले, असे पानवाल्याचे म्हणणे. जमादाराने मोळीवाल्याला धरून आणले.

"डोंगरात सागाच्या फळ्या उगवत्यात व्हय बे?"

"ती माझ्या बाजंची खुरं हायत, जमादारसाब. बाज मोडली, मंग मोळीत घालून इकली."

"आन निजतो कशावर?"

"भुईवर. भुई अजून कुनी न्हेली न्हाई."

जमादाराला ते उत्तर आवडले नाही. मोळीवाल्याला पूर्वी एकदा राखीव जंगलात कुऱ्हाड चालवल्याबद्दल शिक्षा झाली होती. दुसऱ्या गुन्ह्यात कचेरी दया दाखवत नसे. जामीन राहणारे कोणी नव्हते. त्याला कोठडीत घातले. त्याची बायको ठाण्यासमोरच्या कुंपणाशी येऊन बसली. दुपारी भाकरी द्यायची आणि पुन्हा तिथेच बसायची. तिने कधी रडारड केली नाही की काही मागितले नाही.

मी मोळीतून जप्त केलेले सागाचे तुकडे पाहिले. गोल होते, आखूड होते. फळीचे तुकडे गोल असत नाहीत. दुकानदारांना बोलावून ते ओळखायला सांगितले. छागल करणारा, म्हणजे चामड्याची पाण्याची पिशवी शिवणारा एक वयस्क मुसलमान कारागीर होता. त्याने तुकडा हातात धरून बराच वेळ फिरवला.

"तुमचा आहे का, चाचा?"

"लाकूड हाय, साब. लाकडासारकंच दिसतंय."

एवढेच. 'हो' म्हटले नाही, 'नाही' म्हटले नाही. बाकीच्यांनीही तसेच केले. मला हे विलक्षण वाटले. ज्याची वस्तू चोरीला जाते तो माणूस चोरी वाढवून सांगतो. शेळी गेली तर गाभण होती म्हणतो. शिवाय रोज सकाळी ठाण्यावर येऊन विचारतो, सापडली का. या लोकांनी चोरी वाढवून सांगितली नव्हती, आणि विचारायला एकही जण आला नव्हता.

म्हणून मी स्वतः पेठेत गेलो. पहिले दुकान एका कासारणीचे होते. नवरा वारल्यावर ती एकटीच ते चालवायची. दुकानात पूर्वीपेक्षा अंधार झाला होता. एक मुलगी काकणे भरायला बसली होती. रंग दिसावा म्हणून तिला हात बाहेर उन्हात धरावा लागत होता. मी नव्या भिंतीची आतली बाजू पाहिली. कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. त्याला भोक पडलेले, आतली माशी उडून गेलेली. माशीला घर बांधून पिल्लू बाहेर पडायला बरेच दिवस लागतात. फिर्याद ताजी होती. म्हणजे भिंत चोरीच्या आधीची. फळ्या जागेवर असतानाच त्यांच्या आडून ती घातली गेली होती.

मी ओट्यावर बसलो.

"मावशी, फळ्या सापडल्या का, हे विचारायला तुम्ही आला नाहीत."

"सापडल्या तर तुमी सांगालच की, अमीनसाब."

"आणि हा अंधार कशाला करून घेतला?"

"चोराची भीती."

"आत काय आहे चोरण्यासारखं?"

"काच," ती म्हणाली आणि मुलीच्या हातात काकण सरकवले. मुलगी हसली.

मग मी पेठेची खुशाली विचारली. त्या प्रश्नाला पेठेत एकच उत्तर असे, पट्टी. दुकानांवरची पट्टी आकारणे महसूल खात्याचे काम, त्यामुळे ती कशी आकारतात हे मला ठाऊक नव्हते. ती मला कासारणीने समजावली. दुकानाच्या तोंडाला जितक्या फळ्या, तितकी पट्टी.

"माझं दुकान म्हंजी नुसतं तोंड हाय. पोट न्हाई. काकणं उजेडातच इकत्यात, म्हनून तोंड रुंद. तिकडं कापडवाल्याचं बघा. तोंड बारीक आन पोट मागल्या गल्लीपत्तोर. त्याला पट्टी कमी, मला लई."

"अर्ज नाही केला?"

"केला की. मोजनारा म्हनला, आमाला तोंड मोजायचा हुकूम हाय, पोट मोजायचा न्हाई."

"मग स्वतःच फळ्या काढून टाकायच्या."

"काढल्या तर पट्टी चुकवली म्हनून दंड. चोरानं न्हेल्या तर कुनाला दंड करनार?"

बोलून गेल्यावर ती थांबली. मी हळूच म्हणालो, "मोळीवाला आत आहे, माहीत आहे ना?"

"त्याला सोडाल की. त्यानं न्हेल्याच न्हाईत."

"हे तुम्हांला कसं ठाऊक?"

ती खाली पडलेल्या काचा वेचत राहिली.

पेठेचा हिशेब मला आता कळला. चोर मुळात नाहीच, तर पोलीस धरणार कोणाला, असे त्या लोकांनी गृहीत धरले होते. एकदा फिर्याद आली की ठाण्याला चोर लागतोच, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. पण एका बाईच्या अर्ध्या वाक्यावर कैदी सुटत नसतो. मला फळ्या पाहिजे होत्या.

जमादार म्हणाला, "जाळल्या असतील, साब. पुरावा ठेवील का कुनी?"

मला ते पटले नाही. दुकानदार सकाळी पहिली फळी काढताना तिला हात लावून तो कपाळाला लावतो. खंडेनवमीला कारागीर हत्यारे पुजतो, तसा दुकानदार फळ्या पुजतो. पुजलेले लाकूड कोणी चुलीत घालत नाही. फळ्या कोरड्या जागी कुठेतरी उभ्या असणार, आणि खंडेनवमी जवळ आली होती. मी झडती घेतली नाही. त्या दिवसाची वाट पाहिली. मोळीवाल्याची बायको तेवढे दिवस कुंपणाशीच होती.

खंडेनवमीला सकाळी मी साध्या कपड्यांत पेठेच्या टोकाला उभा राहिलो. दुकानांसमोर सडा पडला. उरलेल्या फळ्यांना हळदकुंकू लागले, झेंडूची माळ चढली. पूजा झाली की ताट आत ठेवतात. इथे एकेक जण पदराखाली, उपरण्याखाली ताट झाकून एकाच बोळात शिरत होता. बोळाच्या शेवटी बंद पडलेला तेलघाणा होता. मी पलीकडच्या वाटेने तिथे आधी पोहोचलो. आत भिंतीला टेकून फळ्या ओळीने उभ्या होत्या. खाली वाळवी लागू नये म्हणून विटा ठेवलेल्या.

पहिली कासारीण आली. मला पाहून दारातच थबकली.

"अमीनसाब, पूजेला आलाव?"

"मुद्देमाल बघायला आलो."

"आधी कुकू लावू द्या. मंग काय लिवायचं ते लिवा."

तिने कुंकू लावले. तिच्यामागून छागलवाला ऊद घेऊन आला. त्याने मला सलाम केला आणि फळीपुढे धूर फिरवला. त्याच्या बापाने ती बसवली होती, असे त्याने सांगितले. बाकीचे बोळात उभे राहिले. पळाला कोणीच नाही.

मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. खोटी फिर्याद हा गुन्हा आहे. ती मागे घेतली तर दंड होईल आणि पट्टी पूर्ण फळ्यांवर पडेल. मागे घेतली नाही तर मोळीवाला कचेरीपुढे उभा राहील. बोळातल्या एकाने विचारले, "अमीनसाब, त्याला सोडून तपास तसाच ठेवता येनार न्हाई का?"

कासारीण त्याच्याकडे वळली. "त्याची बायको कुंपनाशी बसती, ती तुला दिसत न्हाई व्हय रे? मी रोज बघती. लिवा अमीनसाब, माझं नाव पयलं लिवा."

तिच्यानंतर छागलवाल्याने नाव सांगितले. मग उरलेल्यांनी. मोळीवाला त्याच दुपारी सुटला. तहशिलीने दंड केला, त्या सालची पट्टी जुन्या फळ्यांवर वसूल केली आणि पुढच्या सालापासून भिंती आहेत तशा राहू देऊन उरलेल्या फळ्यांवरच पट्टी धरली. तोंड मोजायचा हुकूम माझी बदली होईपर्यंत तसाच होता. कासारणीची गिऱ्हाइके हात उन्हात धरून काकणे भरत राहिली.

या तपासाने मला एक सवय लावली. फिर्यादी काय सांगतो हे लिहून घेतल्यावर तो काय विचारायला येत नाही, हेही मी पाहू लागलो. पुढे भेटलेल्या नव्या अमिनांना मी हेच सांगत असे.

फळ्या आता कोणाच्याच कामाच्या नव्हत्या. पेठेने सुताराकडून त्यांचा एक पलंग करवला आणि मोळीवाल्याच्या घरी पोहोचवला. पुढे गस्तीवर त्या वस्तीत गेलो तेव्हा मी तो पाहिला. फळ्यांवरचे कुंकू तसेच होते. पलंगावर पिठाचा डेरा आणि पाण्याची घागर ठेवली होती. खाली भुईवर घोंगडी अंथरलेली.

"यावर निजत नाही?" मी विचारले.

"पुजलेलं लाकूड हाय, साब," मोळीवाला म्हणाला. "पाय कसा द्यावा?"