चहा आत्ता, धार उद्या

प्रिय चिन्मय आणि ईरा,

तुमचे आजोबा गेले त्याला सहा आठवडे झाले. दुपारी जेवून ते नेहमीसारखे दुकानात गेले. चार वाजता मी चहा घेऊन गेले तर खुर्चीत बसले होते, मान थोडी कलती... मला वाटलं, डुलकी लागली. कप समोर ठेवून मी वर्तमानपत्राची घडी नीट करत बसले, तेव्हा कुठे लक्षात आलं की श्वासाचा आवाज माझ्या एकटीचाच आहे. तुम्हांला येता आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या बाबाने मोबाईलवर सगळं दाखवलं, आणि छातीवर ठेवलेले हात बघून, ईरा, तू विचारलंस, आजोबांची ती दोन बोटं मशीनमध्ये गेली होती ना? मी हो म्हणाले. अंगण माणसांनी भरलं होतं, खरं सांगायची ती वेळ नव्हती. पण ती बोटं मशीनमध्ये गेली नव्हती. एका माणसाने तोडली होती, आणि मी तिथे उभी होते. आजोबा असेपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं. आता ते नाहीत. गावालाही तेच खोटं सांगितलेलं आहे, म्हणून हे पत्र तुमच्यासाठी असलं तरी छापायला देते आहे. ज्यांच्याविषयी आहे त्यांना विचारलं आहे, नावं तेवढी बदलली आहेत.

आमचं दुकान मिरजगावात, हायवेला लागून. मी नगरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, हायस्कुलात शिकवणारी. हे आयटीआय करून वडिलांच्या भट्टीवर उभे राहिलेले. गावाचे ते मिस्त्री आणि मी बाई. कुऱ्हाडी, विळे, कुळवाच्या फासा, सगळं व्हायचं, पण खरं नाव कोयत्याचं. दसरा झाला की आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला राहात्याकडे आणि त्याही पलीकडे जातात, आणि निघण्याआधी प्रत्येकाला कोयता धार लावून हवा असतो. यांचा कोयता ओळखू यायचा, मुठीजवळ पानावर शिक्का असायचा, गोलात 'म'. दुकानाला पाटी मात्र नव्हती. एका दिवाळीच्या सुट्टीत मीच पत्रा रंगवून घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'दहा मिनिटांत धार'. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये, असं कुठेसं वाचलं होतं मी. यांना ती पाटी फार आवडली. कुणी आलं की घड्याळाकडे बघून कामाला लागायचे आणि नवव्या मिनिटाला कोयता पुढे करायचे, पहिला नंबर आलेल्या मुलासारखा चेहरा करून.

गावातला बबन एकदा त्या पाटीखालीच उभा राहिला होता. सुट्टीचा दिवस होता, मी दुकानातच होते. म्हशीला कडवळ कापायचंय, जरा गडबडीनं द्या, असं म्हणाला. कपाळावर घाम होता, सदऱ्याची दोन बटणं तुटलेली होती. हे आम्ही दोघांनी पाहिलं आणि दोघांनीही काही विचारलं नाही. धार घेऊन तो थेट बांधावर गेला. पाण्याच्या पाळीवरून सकाळीच थोरल्या भावाशी झटापट झाली होती, त्याच भावाच्या मानेवर त्याने कोयता चालवला. एकदा नव्हे. पाहून आलेले सांगत होते, मक्याच्या पानांवर कमरेइतक्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं आणि भावजय पदराने मान दाबून धरत होती, जिथे दाबायला काही उरलंच नव्हतं. दुपारी पोलीस आले. हवालदाराने एक पुडकं ऐरणीवर ठेवून उघडलं आणि शिक्का तुमचाच का, असं विचारलं. 'म'च्या खाचेत रक्त सुकून काळं झालं होतं. ते अक्षर इतकं स्वच्छ मी कधी वाचलं नव्हतं.

"व्हय," हे म्हणाले. "अन् धार बी माझीच."

मग बारा दिवस भट्टी पेटली नाही. बबनच्या भावाचं तेरावं झालं त्या दिवशी यांनी शिडी लावून पाटी खाली काढली आणि मला म्हणाले, मास्तरीणबाई, नवीन लिहा. मी रीतसर आठ नियम काढले. दारू प्यालेल्याचं काम घेणार नाही, नाव-गाव वहीत लिहावं लागेल, वगैरे. यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "एवढं वाचंस्तवर न रागावलेला मानूस बी रागवंल." मग स्वतःच चार शब्द सांगितले. चहा आत्ता, धार उद्या. मी विचारलं, निदान 'कृपया' तरी घालू का? "कृपया चहात हाय," ते म्हणाले.

तेव्हा मला हा विनोद वाटला होता. पुढे रोज बघता बघता कळलं की ती त्यांची पद्धत होती. नुसतं नाही म्हटलं की माणूस उंबऱ्यावरूनच परत जातो आणि दुसरीकडून धार लावून घेतो; चहाला टेकला की कोयता आपल्याकडे राहतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधी काय मिळेल ते सांगायचं, मग काय मिळणार नाही ते, आणि मग पुन्हा कधी यायचं ते. खोटं कारण कधी द्यायचं नाही. लोखंड संपलंय म्हटलं की लोक लोखंड घेऊन येतात! नियम सगळ्यांना एकच होता. माझा सख्खा भाऊ चिडून म्हणाला, दाजी, दुकान हाय का तहसील? त्यालाही चहाच मिळाला. अलीकडे तलवारीने वाढदिवसाचा केक कापायचं खूळ निघालंय. तिघे तरणे तसे मोटारसायकलवरून आले, तलवार करून द्या म्हणाले. यांनी चहा दिला, वाढदिवस कुणाचा ते विचारलं, तलवार मी करत न्हाई असं स्वच्छ सांगितलं आणि एक विळी पुढे ठेवली. "ही न्या. केक कापा, अन् उद्या आईला भाजी चिरायला द्या." हसत हसत गेले बिचारे. विळी घेऊन गेले.

आता दत्तूचं. अकरा वर्षं झाली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची दुपार होती. खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी आलेल्याला उद्या नव्हे, परवा धार मिळायची. दत्तू आमचं जुनं, गरीब स्वभावाचं गिऱ्हाईक, चहा बशीत ओतून पिणारा. त्याच्या धाकट्या बहिणीने, सुनंदाने, घरी न सांगता कोर्टात लग्न केलं होतं आणि ती कर्जतला नांदत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ती आईला भेटायला येणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी शाळेतून नुकतीच आले होते. दत्तूने कोयता ऐरणीवर ठेवला, पण तो बसला नाही.

"मिस्त्री, धार लावा."

"लावतो की. उद्या पूजा हाय, परवा सकाळी ये. बस, चहा घे."

"आत्ता पायजे."

"आत्ता चहा हाय."

"ती उद्या यायचीय," दत्तू म्हणाला.

यांनी कोयता उचलला आणि मागच्या खुंटीला लावायला वळले. दत्तूने झडप घालून मूठ धरली. यांनी डाव्या हाताने पान धरलं. दत्तूने दोन्ही हातांनी हिसडा दिला आणि मी हाड तुटल्याचा आवाज ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. करंगळी खाली पडली, शेजारचं बोट कातड्यावर लोंबत राहिलं. उरलेल्या बोटांनी त्यांनी पान सोडलं नाही. दत्तूने पोटात लाथ घातली, मग दुसरी, आणि तोच रडत ओरडत होता, सोडा मिस्त्री, सोडा. रक्त कोपरावरून ओघळत दत्तूसाठी ओतलेल्या चहात पडत होतं. हे नेहमीच्या आवाजात, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले, "न्हाई. परवा ये."

मी पस्तीस वर्षं शिकवलं आणि वर्गात कधी छडी उचलली नाही. त्या दिवशी भट्टीजवळची सांडशी उचलली आणि दत्तूच्या पाठीत घातली. परत घातली. तिसऱ्या वेळी मी डोक्यावर नेम धरला होता, हे मला पक्कं आठवतं... तेवढ्यात त्याने मूठ सोडली आणि तो खाली बसला, म्हणून माझा हात थांबला. माझ्या हातात तेव्हा धारेचं काही असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते. बबनच्या वेळच्या पाटीवरची दहा मिनिटं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पातं बोथट होतं म्हणून दोन बोटांवर भागलं, धार असती तर पंजा गेला असता. यांनी त्यांना मशीनच्या पात्याचं सांगितलं होतं. मी केस करायची म्हणत होते. चार दिवस बोलले नाही यांच्याशी. यांचं म्हणणं एवढंच, तो तुरुंगातून सुटून आल्यावर पहिला कुणाच्या दारात जाईल? पाचव्या दिवशी दत्तू स्वतः दवाखान्यात आला आणि कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. यांनी त्याला माफ केलं असं म्हटलं नाही. सुनंदाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, आणि कोयता दुकानात राहील, एवढं सांगितलं. तोडीला जाताना मागून न्यायचा, आदल्या दिवशी सांगून. तोड संपली की आणून द्यायचा. दुसरा कोयता घ्यायचा नाही. दत्तूने मान डोलावली. अकरा वर्षं त्याने ते पाळलं. दर वेळी हे त्याला तीन बोटांच्या हाताने चहा द्यायचे. मी आत जायचे. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि पोलिसांत जायला हवं होतं हे माझं मत आजही तेच आहे. त्यांचा अंदाज एकदा जरी चुकला असता, तरी किंमत सुनंदाने मोजली असती, त्यांनी नाही. हे मी त्यांना कितीदा सुनावलं होतं. ते म्हणायचे, व्हय, ते खरं हाय.

सुनंदा त्या खंडेनवमीला आली, आईकडे जेवली, दिवस मावळायला परत गेली. तिला काही माहीत नव्हतं. मी गेल्या आठवड्यात सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "छापा, बाई. माझ्या मुलाला वाचता येतं आता."

आजोबा गेल्यावर पंधराव्या दिवशी दत्तू आला. तोड मधेच सोडून आला होता. गोणपाटात गुंडाळलेला कोयता त्याने ऐरणीवर ठेवला आणि पाटीखाली उभा राहिला.

"बाई, ह्यो आता कुनाकडं ठेवू?"

मी म्हटलं, घरी ठेव, अकरा वर्षं झाली. त्याने मान हलवली.

"घरात नगं. आजून कवा कवा डोस्कं फिरतं माजं. मला माजी खात्री न्हाई, बाई."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. 'नाही' कसं म्हणायचं ते मी जन्मभर त्यांच्याकडूनच बघत आले होते. मी आत गेले, चहा टाकला, कपबशी त्याच्यापुढे ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तो बशीत ओतून प्यायला. मग मी सांगितलं, कोयता इथेच राहील. हवा असेल तेव्हा आदल्या दिवशी सांगायचं, सकाळी मिळेल. आल्या आल्या मागितलास तर मिळणार नाही. तो व्हय म्हणाला आणि कप विसळून पालथा घालून गेला.

भट्टी विझली आहे, भाता मी देऊन टाकला. पाटी जागेवर आहे. कोयता खुंटीला आहे. सुनंदा जिवंत आहे.