जिन्याने येणारे गृहस्थ

मांजलपूरच्या आमच्या सोसायटीचा कारभार एका कंपनीकडे आहे. मेंटेनन्स घ्यायला त्यांचे एक साठीचे गुजराती गृहस्थ दर महिन्याला चौथ्या मजल्यावर, आमच्या दारात यायचे. बेल वाजवण्याआधी चपला काढून भिंतीशी नीट लावायचे.

लिफ्ट कित्येक महिने बंद होती. तो राग मी त्यांच्यावरच काढायची. एकदा तर मी फारच बोलले. "लिफ्ट चालत नाही, मग पैसे कसले मागता?"

कठडा धरून ते दम घेत होते. म्हणाले, "बेन, मी पण जिन्यानेच आलो ने."

मी पैसे दिले आणि दार लावलं.

आता लिफ्ट चालते. पैसे मोबाइलवरून जातात, त्यामुळे ते येत नाहीत. दर महिन्याला त्यांनी चपला काढल्या, आणि मी एकदाही 'आत या' म्हटलं नाही.